त्या पाच टाळ्या

७ सप्टेंबर, रविवार. सकाळी नऊ.

आजपासून रोजनिशी. नियम तीन. एक, ही वही कुणीही वाचायची नाही. दोन, खरं तेवढंच लिहायचं. तीन, रागाच्या भरात लिहायचं नाही.

त्याच दिवशी, साडेनऊ.

राग आलेला आहे.

रविवारच्या पुरवणीत मॉनिटरची मुलाखत आली आहे. फोटोसकट. केस रंगवलेत. मथळा: ‘त्या पाच टाळ्या माझ्या!’

उद्या वय झाल्यावर माझं मलाच आठवलं नाही तर पंचाईत नको, म्हणून सगळं पहिल्यापासून लिहून ठेवते.

मॉनिटर म्हणजे माझी शाळेतली मैत्रीण. कॉन्व्हेंटमध्ये पाचवीपासून दहावीपर्यंत वर्गाची मॉनिटर तीच. सिस्टर बाहेर गेल्या की बोलणाऱ्या मुलींची नावं फळ्यावर लिहायची. पहिलं नाव माझं. मी बोलत नसले तरी. पुढे आम्ही सख्ख्या मैत्रिणी झालो, आणि एकोणीस वर्षांपूर्वी मी तिच्याशी बोलणं बंद केलं. का ते नंतर.

‘ओली काडेपेटी’ हा माझा बँड. माझा म्हणजे, मी ऐकते तो. चार माणसं. एकाही मोठ्या कंपनीने त्यांना कधी विचारलं नाही. स्वतःच रेकॉर्ड काढायचे आणि कार्यक्रमानंतर सूटकेस उघडून विकायचे. मी चोवीस वर्षांची असताना त्यांनी एका छोट्या हॉलमध्ये कार्यक्रम केला आणि त्याचीच रेकॉर्ड काढली: ‘सभागृह क्रमांक दोन’. त्यात शेवटचं गाणं ‘जिना’. गाणं पायरी पायरी चढत जातं, चढत जातं आणि अचानक थांबतं. आठ सेकंद काहीच नाही. मग शेवटचं कडवं. त्या दिवशी त्या आठ सेकंदांत हॉलमधल्या कुणीतरी, गाणं संपलं असं वाटून, एकट्याने पाच टाळ्या वाजवल्या. मग गप्प. मग गायक हसला आणि म्हणाला, अजून संपलं नाहीये, बाई.

हे सगळं रेकॉर्डवर आहे. तेव्हापासून त्यांच्या प्रत्येक कार्यक्रमात ‘जिना’ थांबलं की सगळा हॉल मोजून पाच टाळ्या वाजवतो. चौतीस वर्षं. जे ऐकत नाहीत त्यांना हे वेड वाटेल. जे ऐकतात त्यांना ते प्रार्थनेसारखं आहे.

त्या पाच टाळ्या माझ्या आहेत.

आयुष्यात मी फारसं काही केलं नाही. लग्न, एक मुलगी, दातांच्या दवाखान्यात रिसेप्शन. पण त्या रेकॉर्डवर मी आहे. मी गेल्यावरही असेन. तेवढंही हिला हवंय.

मुलाखत पान सहावर पुढे चालू होती. पान उघडलं नाही. चोर सापडल्यावर त्याच्या घराच्या सगळ्या खोल्या बघत बसत नाहीत.

नवरा शब्दकोडं सोडवत होता. त्याला विचारलं, त्या टाळ्या कुणाच्या? म्हणाला, तेव्हा मी तुला ओळखतही नव्हतो. निरुपयोगी साक्षीदार.

मुलाखतीच्या खाली चौकट. १२ ऑक्टोबरला ‘ओली काडेपेटी’ त्याच हॉलमध्ये तीच सगळी रेकॉर्ड पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवणार. नवीन रेकॉर्डिंगही होणार. आणि टाळ्यांची सुरुवात ‘मूळ श्रोत्या’ करणार. तिसऱ्या रांगेतून.

मूळ श्रोत्या! मूळ!

संकल्प: १२ ऑक्टोबरला तिच्या आधी मी वाजवणार.

८ सप्टेंबर, सोमवार. दवाखाना, दुपारी.

शांत आहे. मी सूडबुद्धीची नाही. सिस्टर म्हणायच्या, सूड देवाने घ्यायचा. पण देवाला इतर कामं आहेत, आणि त्याने ही रेकॉर्ड ऐकली असेल असं वाटत नाही.

मन शांत राहावं म्हणून वेटिंग रूममध्ये त्यांचा पहिला अल्बम लावला: ‘गच्चीवरचे बूट’. काय अल्बम आहे! पहिल्या गाण्यात गिटार दोन मिनिटं नुसती करकरते. मी एकोणीस वर्षांची होते. कॉलेजच्या कँटीनमध्ये त्यांना पहिल्यांदा ऐकलं. तेवीस माणसं, त्यातली नऊ चहा प्यायला आलेली. मध्येच वीज गेली. ते थांबले नाहीत. माइक ठेवला, टेबलावर चढले, पेल्यांवर चमचे वाजवत राहिले. मॉनिटर माझ्या शेजारी पुस्तक घेऊन बसली होती. म्हणाली, यांना जरा हळू करायला सांग ना. अशी ही मूळ श्रोत्या.

एका पेशंटबाईंनी आत जायला नकार दिला. म्हणाल्या, आतल्या माणसाला आधी मोकळं करा, मशीन केव्हापासून त्याच्या दातात अडकलंय. त्यांना सांगितलं, ती गिटार आहे. त्या घरी गेल्या.

डॉक्टर बाहेर आले. ताई, म्हणाले, तुमची आवड वेगळी आहे हे मला मान्य आहे, पण इथे लोक आधीच घाबरलेले असतात.

बासरी लावली. बासरीने माझं मन शांत होत नाही.

१० सप्टेंबर, बुधवार.

पुरावा आठवला! सकाळी दात घासताना. एकदम लख्ख.

त्या कार्यक्रमाच्या वेळी मॉनिटरचा हात प्लॅस्टरमध्ये होता! कोपरापासून बोटांपर्यंत पांढरंशुभ्र. सायकलवरून पडली होती. मला तो हात डोळ्यांसमोर दिसतोय. प्लॅस्टरवर ड्रमरने सही केली होती, निळ्या शाईने, खाली काडेपेटीचं चित्र. ती सही मला मिळाली नाही याचं वाईट वाटलेलंसुद्धा आठवतंय.

प्लॅस्टरमधल्या हाताने टाळ्या कशा वाजतील? चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते उगीच नाही.

तिथल्या तिथे संपादकांना पत्र लिहिलं. तीन मसुदे झाले. पहिल्यात ‘चोर’ शब्द सात वेळा होता, दुसऱ्यात चार. शेवटी सभ्य ठेवलं:

‘महोदय, रविवारच्या अंकातील मुलाखत वाचून करमणूक झाली. मुलाखत देणाऱ्या बाईंचा हात त्या दिवशी प्लॅस्टरमध्ये होता. एका हाताने टाळी वाजत नाही, हे आपल्या पूर्वजांनी सांगूनच ठेवले आहे. टाळ्या कुणाच्या, हे शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या व्यक्तीला ठाऊक आहे. आपली, शेजारच्या खुर्चीवर बसलेली व्यक्ती.’

नवऱ्याला वाचून दाखवलं. म्हणाला, एकदा पान सहा वाचून घे. म्हटलं, तू शब्दकोडं सोडव.

पोस्टात टाकलं. फार हलकं वाटतंय. न्याय म्हणजे काय असतो ते आज कळलं.

१४ सप्टेंबर, रविवार.

पत्र आलं नाही. दातांविषयी एका गृहस्थांचं आलं आहे. दात कोण वाचतं?

लेकीला फोन करून तिकीट काढायला सांगितलं. लेक दुसऱ्या शहरात असते, असली कामं तिला कॉम्प्युटरवर जमतात. म्हणाली, आई, सगळं संपलंय, एकच सीट आहे, बाल्कनीत, खांबामागे. म्हटलं, घे. मला बघायचं नाहीये, वाजवायचं आहे. ती म्हणाली, आई, तू मावशीला सरळ फोन का नाही करत? म्हटलं, कोण मावशी? ती म्हणाली, मॉनिटरमावशी, तिनेच मला पोहायला शिकवलं ना. म्हटलं, पाणी आपलंच होतं.

हे उत्तर नंतर मलाच नीट कळलं नाही. पण त्या वेळी चपखल वाटलं.

आता एकोणीस वर्षांपूर्वीचं. ‘गच्चीवरचे बूट’ची माझी मूळ रेकॉर्ड तिने ऐकायला नेली. स्वतः मागून नेली, हे विशेष. आठवड्याने परत केली. मी कव्हर कपाटात ठेवलं. चार महिन्यांनी उघडलं तर आत ‘घरच्या घरी सोपे व्यायाम, भाग एक’. एक बाई आकडे मोजते आणि मागे पियानो. एक, दोन, वाका. तीन, चार, सरळ.

तिला काही विचारलं नाही. विचारायचं कशाला? ज्याचं त्याला कळलं पाहिजे. फोन घेणं बंद केलं. तिने आठ-दहा वेळा केला. मग तिनेही बंद केला. अपराधी माणूस किती वेळ फोन करणार?

१७ सप्टेंबर, बुधवार.

सराव सुरू. रेकॉर्डवर टाळ्या चौथ्या सेकंदाला येतात. मॉनिटर शिस्तीची, ती चौथ्यालाच वाजवणार. मी दुसऱ्याला. पाच टाळ्यांना अडीच सेकंद. तिने हात उचलेपर्यंत माझं काम झालेलं असेल, आणि नवीन रेकॉर्डवर कायमची मी.

बाल्कनीतून आवाज खाली पोचला पाहिजे. तळवे खोलगट ठेवले की आवाज मोठा येतो. स्वयंपाकघरात वीस वेळा. बाथरूममध्ये जास्त छान येतो. नवऱ्याने दार वाजवून विचारलं, काही हवंय का?

दवाखान्यात काउंटरमागे हळूच सराव करत होते. तेवढ्यात एक काका दाढ काढून बाहेर आले. त्यांना वाटलं त्यांच्यासाठी आहे. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. म्हणाले, बेचाळीस वर्षं डेंटिस्टकडे येतोय, कौतुक पहिल्यांदाच झालं.

हे डॉक्टरांना इतकं आवडलं की त्यांनी मला दाढ काढलेल्या प्रत्येक पेशंटसाठी टाळ्या वाजवायला सांगितलं. सराव आपोआप होतोय. सत्याच्या बाजूने असलं की गोष्टी अशा जुळून येतात.

२१ सप्टेंबर, रविवार.

पत्र आजही नाही. तळहात लाल.

दुपारी एकटी होते. सगळे अल्बम ओळीने ऐकले. ‘पाण्याची टाकी’मध्ये एक गाणं आहे, फक्त माउथ ऑर्गन आणि लांबून येणारा कुणाच्या तरी जिन्यावरच्या चपलांचा आवाज. हे मी आणि मॉनिटरने एका गोदामात ऐकलं होतं. पोत्यांवर बसून. माझ्या चपलेचा अंगठा तुटला होता. तिने केसातली पिन काढून तो जोडून दिला आणि परत जाताना मुद्दाम हळू चालत होती.

हे इथे का लिहिलं कुणास ठाऊक. याचा विषयाशी संबंध नाही.

२४ सप्टेंबर, बुधवार.

वर्तमानपत्राच्या ऑफिसातून फोन! उपसंपादक मुलगी. आवाजावरून लहान वाटली. म्हणाली, पत्र छान आहे, पण त्या बाईंचा हात प्लॅस्टरमध्ये होता याला काही आधार आहे का? एखादा फोटो?

म्हटलं, आहे. कार्यक्रमानंतर हॉलच्या पायऱ्यांवर काढलेला आहे. मी, ती आणि ड्रमर. ती म्हणाली, मग पाठवा, ५ तारखेच्या अंकात घेऊ.

फोटो माळ्यावर आहे. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात. रविवारी काढते.

मॉनिटर, संपलं तुझं.

२८ सप्टेंबर, रविवार.

स्टूल. माळा. डबा सापडला. स्टूल सरकलं.

डाव्या हाताने लिहितेय. फार लिहिणार नाही.

३० सप्टेंबर, मंगळवार.

उजवं मनगट. प्लॅस्टर. कोपरापासून बोटांपर्यंत. सहा आठवडे.

हाडांचे डॉक्टर म्हणाले, या वयात स्टुलावर काय करत होता? म्हटलं, न्याय.

त्यांनी नवऱ्याकडे बघितलं.

१ ऑक्टोबर, बुधवार.

फोटो बघितला.

मी पडले तेव्हा डबाही पडला होता. फोटो नवऱ्याने गोळा केले होते. आज चहाबरोबर एक समोर ठेवला. शब्दकोडं घेऊन बाल्कनीत गेला.

फोटोत हॉलच्या पायऱ्या. मध्ये ड्रमर. एका बाजूला मॉनिटर, दोन्ही हात हवेत, दहाही बोटं दिसतायत. दुसऱ्या बाजूला मी. कोपरापासून बोटांपर्यंत पांढरंशुभ्र. त्यावर निळी सही. काडेपेटीचं चित्र.

फोटो उलटा छापलेला आहे. पूर्वी असं व्हायचं, निगेटिव्ह उलटी लावायचे. नवऱ्याला तसं सांगितलं. तो म्हणाला, उलटा छापला तर तुझा उजवा हात डावा दिसेल, तुझा हात तिचा कसा होईल?

विचार करतेय.

त्याच दिवशी, संध्याकाळी.

अजून विचार करतेय.

सायकलवरून पडले होते. आता आठवतं. मॉनिटरच्या सायकलवरून. ती म्हणाली होती, ब्रेक लागत नाही, चालवू नकोस.

पण सहीचं वाईट वाटलेलं आठवतंय ना मला! ते खोटं कसं असेल? मग आठवलं. प्लॅस्टर कापलं तेव्हा दवाखान्यातल्या माणसाने सहीसकट कचऱ्यात टाकलं. त्याचं वाईट वाटलं होतं.

२ ऑक्टोबर, गुरुवार.

पान सहा वाचलं. पुरवणी रद्दीत गेली नव्हती. नवऱ्याने शब्दकोड्यासाठी ठेवली होती, असं तो म्हणतो. कोडं पान चारवर आहे.

उतरवून ठेवते, डाव्या हाताला जमेल तसं.

‘मला संगीतातलं काही कळत नव्हतं, आजही कळत नाही. माझी एक मैत्रीण मला ओढून न्यायची. त्या दिवशी तिचा हात मोडलेला. गाणं थांबलं तेव्हा ती रडत होती. तिला सगळं पाठ होतं, पुढे कडवं आहे हे ठाऊक होतं. मला कुठून ठाऊक असणार? तिने हॉलमध्ये शिरतानाच बजावलं होतं, माझ्या वाटच्या टाळ्या तूच वाजव. मला वाटलं संपलं. वाजवल्या. तिने असं बघितलं माझ्याकडे! मग उठून तीन खुर्च्या पलीकडे जाऊन बसली. तेव्हा टाळ्यांचे हात माझे, पण टाळ्या कुणाच्या, ते तिला विचारा. ती कुठे आहे? आहे याच शहरात. फोन घेत नाही. कार्यक्रमाला माझ्या शेजारची खुर्ची मी धरून ठेवणार आहे. न बोलता बसली तरी चालेल. तिला शिस्त लावणं मला शाळेतही जमलं नाही.’

तीन खुर्च्या पलीकडे नव्हते. दोन. असा तपशील तरी नीट द्यावा माणसाने.

३ ऑक्टोबर, शुक्रवार.

उपसंपादक मुलीला फोन केला. म्हटलं, पत्र नका छापू. ती म्हणाली, पान लागलंय. म्हटलं, फोटो मिळाला नाही. ती म्हणाली, काही हरकत नाही, एका हाताने टाळी वाजत नाही हे सगळ्यांना इतकं आवडलंय की चौकटीत घेतलंय. ठळक अक्षरात.

म्हटलं, अहो पण टाळ्या तिच्याच होत्या. ती म्हणाली, मग तसं दुसरं पत्र पाठवा, पुढच्या महिन्यात बघू.

५ ऑक्टोबर, रविवार.

छापलं. चौकटीत. ठळक अक्षरात.

माझं नाव नाही म्हणून कुणाला कळणार नाही.

६ ऑक्टोबर, सोमवार.

सगळ्यांना कळलं. डॉक्टर, कंपाउंडर, ते दाढेचे काका. माझ्या प्लॅस्टरकडे बघतात आणि मान वळवतात.

सात वाजता फोन वाजला. मी बघतच राहिले. नवऱ्याने उचलला. वीस मिनिटं बोलला. गुडघे, गुडघ्यांचं तेल, तिचे यजमान गेले ते, आमच्या लेकीचं घर. मध्येच मोठमोठ्याने हसत होता.

कोण होतं, विचारलं. म्हणाला, मूळ श्रोत्या.

यजमान केव्हा गेले? पाच वर्षं झाली म्हणे. मला कुणी सांगितलं नाही. मी फोन घेत नसे हे खरं आहे, पण सांगायला हवं होतं.

पत्राबद्दल काय म्हणाली? काही नाही. हसली. म्हणाली, तिला सांग, तिसरी रांग, खुर्ची बारा. आणि हात मोडलाय कळलं, येताना सायकलवरून येऊ नकोस म्हणावं.

नवऱ्याने तिला हातही सांगितला! घरभेद्या.

हसली म्हणजे काय? एवढं पत्र लिहिलं, तीन मसुदे केले, आणि ती हसते? सूड घेणाऱ्याचा याहून मोठा अपमान नाही.

संकल्प: खांबामागेच बसणार.

१२ ऑक्टोबर, रविवार. रात्री आठ.

खांबामागे बसले होते. तिथून फक्त खांब दिसतो.

कार्यक्रम पाचचा ठेवला होता. बँडला आता संध्याकाळच्या गोळ्या वेळेवर घ्याव्या लागतात. गायकाला टक्कल पडलंय, बसायला उंच खुर्ची. ड्रमर पूर्वी दर कार्यक्रमात एक तरी स्टूल मोडायचा, आता त्याला पाठीशी उशी. पण पहिली तार वाजली आणि मी पुन्हा चोवीसची. खांबासकट.

मध्यंतरात खाली गेले. नुसतं बघायला. तिसरी रांग, खुर्ची बारा. तिच्यावर एक पर्स ठेवली होती. शेजारी मॉनिटर, पाठ ताठ, शाळेत बसायची तशी. केस रंगवलेले नाहीत. फोटोत तसं वाटलं होतं.

तिने वर न बघता पर्स उचलली. मी बसले.

ती म्हणाली, वजन वाढलंय तुझं. म्हटलं, प्लॅस्टरचं आहे. मग ती म्हणाली, एक विचारू? माझी व्यायामाची रेकॉर्ड तुझ्याकडे आहे का गं? भाग एक. आईची होती. एकोणीस वर्षं शोधतेय. माझ्याकडे त्या कव्हरात तुझी ती करकर आहे.

म्हटलं, तू बदललीस. ती म्हणाली, तू स्वतः माझ्या घरी कव्हरात घालून घेऊन गेलीस, मी चहा टाकत होते.

हे मला आठवत नाही. पण हल्ली मला जे लख्ख आठवतं त्याचीच जास्त भीती वाटते.

‘जिना’ सुरू झालं. पायरी पायरी. मी रडत होते. ती सरळ बसली होती. गाणं थांबलं. सगळा हॉल श्वास धरून तिच्याकडे बघतोय. आमच्या समोरच रेकॉर्डिंगचा माइक.

तिने हात उचललेच नाहीत.

मी हळूच म्हटलं, वाजव ना. ती म्हणाली, तू वाजव, तुझ्या आहेत म्हणे, पेपरात वाचलं. म्हटलं, कशाने वाजवू, कपाळाने? ती म्हणाली, मग सांग तसं. म्हटलं, काय सांगू? ती म्हणाली, चौतीस वर्षांपूर्वी सांगितलं होतंस तेच. म्हटलं, अगं सेकंद संपले! ती म्हणाली, आधी सांग.

म्हटलं, माझ्या वाटच्या तूच वाजव.

तोवर आठ सोडून वीस सेकंद झाले असतील. हॉलमध्ये टाचणी पडली तरी ऐकू आली असती, आणि टाचणी कुठली, आम्ही दोघी पडलो होतो. गायकाने माइक जवळ घेतला आणि विचारलं, ताई, झालं का तुमचं?

हॉल कोसळला. तिने वाजवल्या त्या कुणालाच ऐकू आल्या नाहीत. पण मला आल्या. पाच. पाचवी जरा हळू.

बाहेर ड्रमर भेटला. त्याने माझ्या प्लॅस्टरवर सही केली. हात थरथरतो त्याचा आता. मग मॉनिटरकडे बघून म्हणाला, तुम्ही पण करा. तिने माझं नाव लिहिलं. फक्त नाव, फळ्यावर लिहायची तसं. पुढे फुली.

महत्त्वाचं म्हणजे, सगळं रेकॉर्ड झालंय. रेकॉर्डवर आता मी आहे. निर्विवाद. आवाजासकट. शिवाय आधी बोलले मी. ती दुसरी.

११ नोव्हेंबर, मंगळवार.

प्लॅस्टर काढलं. त्या माणसाला आधीच सांगितलं होतं, सहीचा तुकडा कापून द्या. नीट दिला. बिस्किटांच्या डब्यात ठेवलाय. माळ्यावर नाही, खालीच.

१८ जानेवारी, रविवार. सकाळी.

रेकॉर्ड आली! कव्हर छान आहे. नवऱ्याला शब्दकोडं खाली ठेवायला लावलं, समोर बसवलं. लेकीला फोनवर घेतलं. म्हटलं, आता ऐका, इतिहास.

‘जिना’. पायरी पायरी. थांबलं.

एक, दोन, तीन, चार. मग पाच टाळ्या. साफ, एकसारख्या, मशीनमधून काढल्यासारख्या. कुणाच्याच नाहीत. मग शेवटचं कडवं.

आम्ही नाही.

पुन्हा लावलं. कान लावून. आवाज मोठा करून. वाजव ना नाही. कपाळ नाही. ताई झालं का तुमचं, तेसुद्धा नाही. कुणीतरी बसून आम्हाला पुसून टाकलंय.

लेक फोनवर म्हणाली, आई, वाईट वाटून घेऊ नकोस. नवरा म्हणाला, मी तिथे नव्हतोच. निरुपयोगी.

मॉनिटरला फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला. मी काही म्हणायच्या आत म्हणाली, ऐकलं. चार वेळा ऐकलं. कव्हरच्या मागे बारीक अक्षरात आहे, मिक्सिंग कुणी केलं ते. नाव लिहून ठेवलंय मी.

तो आवाज मी ओळखते. सिस्टर वर्गाबाहेर गेल्या की तिच्या हातात खडू यायचा, तेव्हाचा.

उद्या चार वाजता ती येतेय, नवी रेकॉर्ड आणि माझी करकर दोन्ही घेऊन. संपादकांना पत्र जाणार. सभ्य ठेवायचं नाही असं ठरलंय. मजकूर मी सांगणार, लिहिणार ती. माझं मनगट अजून दुखतं, हे एक कारण. तिचं अक्षर शाळेपासून माझ्यापेक्षा चांगलं आहे, हे दुसरं. दुसरं तिला सांगायचं नाही.